डाव्या हाताचा अंगठा

आमच्या दूध डेअरीच्या बारामतीच्या ऑफिसातले सगळे कागद इंटरनेटवर एका माणसाच्या खात्यात होते, आणि तो माणूस बावड्याचा. मी त्याला दादा म्हणायचे. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून दूध तपासणीचे कागद यायचे. ते टेबलावर धरून मोबाइलवर फोटो काढायचा, ज्या त्या केंद्राच्या फोल्डरमध्ये टाकायचा आणि आम्हा सगळ्यांना शेअर करायचा, हे त्याचं काम. फोल्डर असे लावलेले, की कळंबचा मागच्या दिवाळीतला कागद मागा, चहा गार व्हायच्या आत तुमच्यासमोर. पण खातं त्याचं स्वतःचं होतं, घरचं. डेअरीनं ऑफिसचं वेगळं खातं काढलंच नाही. साहेब म्हणायचे, फुकट मिळतंय तर विकत कशाला? आणि आपल्याकडं एखाद्याला ‘घरचा माणूस’ म्हटलं, की त्याच्याकडून काय काय घ्यायचं याला धरबंधच राहत नाही. दादालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट बरंच वाटायचं.

एका सकाळी कामावर येताना गाडीवरच त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती हो.

चार दिवस ऑफिसात कुणाचं कामात लक्ष नव्हतं. मग साहेबांना जाग आली. तपासणीचं पथक येणार होतं. कागद आम्हाला दिसत होते, पण ना हलवता येत होते, ना नवीन टाकता येत होते. मालक दादा. त्याचं खातं कधी बंद पडलं तर सगळंच जाणार. पासवर्ड कुणाला ठाऊक नव्हता. ‘विसरलो’ म्हणून दाबलं तर त्याच्याच नंबरवर आकडे जात होते.

साहेब मला म्हणाले, तुम्ही जा, बाईमाणूस आहात, आत जाता येईल. ते खोटं नव्हतं. सुतकाच्या घरी पुरुष बाहेर मांडवात टेकतात, दोन शब्द बोलून उठतात. बायका थेट आत जाऊन जिचा माणूस गेला तिच्याशेजारी बसतात. दहावासुद्धा व्हायचा होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच, असं मी साहेबांना तोंडावर सुनावलं. त्यांना राग आला नाही. तपासणी तोंडावर आलीय, एवढंच म्हणाले. नोकरी मलाही हवीच होती. लॅपटॉप पिशवीत घातला आणि एसटीत बसले. बावडा येईपर्यंत मनातल्या मनात साहेबांचा उद्धार चालला होता.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. दीड वर्षाची पोरगी या बाईच्या मांडीवरून त्या बाईच्या मांडीवर फिरत होती. आडवळणानं बोलायची माझी जीभच नाही. मी कशाला आले ते सरळ सांगून टाकलं. वाटलं, आता ही मला बाहेर काढणार, आणि काढलं तरी चुकणार नाही. पण वहिनी सावरून बसली.

“ताई, माझं बी काम हाय त्याच खात्यात. पोरीला घिऊन काढल्यालं त्यांचं सगळं फोटू तितंच हायेत. मोबाइल फुटला, पर फोटू वर ठिवल्यात, ते कुठं जात न्हाईत, असं म्हणायचे. पोरीला तर बाप आठवायचा न्हाई. मोठी झाल्यावर तिला दावायला माझ्याकडं दुसरं काय हाय?”

घरात लग्नाचा अल्बम होता. पण बापलेकीचा एकही फोटो बाहेर नव्हता. सासऱ्यांनी दादाचं सिम आपल्या बटणाच्या फोनमध्ये घातलं होतं. त्यांनी तो फोन आणून दिला, वहिनीनं आकडे वाचले, खातं उघडलं. मी म्हटलं, वहिनी, साहेबांचं काम गेलं खड्ड्यात, आधी तुमचं.

फोटो उघडले. तपासणीचे कागद. खाली गेले, पुन्हा कागद. आणखी खाली, कागदच. कचऱ्याची पेटी बघितली, तीही रिकामी. मागच्या गोठ्याकडं जाऊन साहेबांना फोन लावला.

“अहो, खात्यातली जागा भरली होती,” साहेब म्हणाले. “मीच म्हटलं होतं त्याला, घरचे फोटोबिटो उडव आधी. झालं का आपल्या नावावर?”

मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गोठ्यातली म्हैस तेवढी मान वर करून बघत होती.

आत येऊन वहिनीला सांगावंच लागलं. ती रडली नाही. लॅपटॉप तिनं मांडीवर ओढला आणि ते कागदच एकेक करून बघायला लागली. मला वाटलं, हिला पटत नाही अजून. मग एका कागदावर तिचा हात थांबला.

“ह्यो त्यांचा अंगठा.”

ऑफिसात पंख्याखाली कागद उडायचे, म्हणून दादा डाव्या अंगठ्यानं कोपरा दाबून धरायचा आणि उजव्या हातानं फोटो काढायचा. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तो अंगठा होता. नखावर उभी चीर. इतकी वर्षं ते कागद आम्ही बघत होतो, आणि त्यात अंगठा आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. वहिनीनं पोरीला मांडीवर घेतलं, तिचं बोट धरून त्या नखावर टेकवलं आणि म्हणाली, “बघ, तुझं पप्पा.”

मग मला हुंदका आवरला नाही. शेजारच्या बाईनं पाणी दिलं. अंगठा चांगला दिसेल असे थोडे फोटो मी माझ्या मोबाइलवर घेतले, मोठे करून, धुवून आणून देते म्हटलं. जाताना सुतकाच्या घरी ‘येते’ म्हणत नाहीत. मी काही न बोलता उठले.

फायली माझ्या नावावर झाल्या. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या खुर्चीमागं उभे राहून स्क्रीनवर एकेक कागद बघत होते. म्हणाले, हे काय, सगळीकडं अंगठा? पथकासमोर बरं दिसत नाही, कडेनं कापून घ्या.

“तुमच्या हातानं कापा,” मी म्हटलं.

त्यांनी नवीन लागलेल्या मुलीला बसवलं. तिनं दादाला कधी पाहिलेलंही नव्हतं. हात मात्र भरभर चालायचा तिचा. संध्याकाळी मी निघाले तेव्हा निम्मे फोल्डर स्वच्छ झाले होते.