रिकाम्या गल्लीतली घंटा

गंगेला मैया म्हणायचे मी मनातल्या मनात सोडूनच दिले होते. ब्रह्माघाटावरच्या मराठी वस्तीत माझा जन्म गेला, पण नदीकाठच्या आमच्या छोट्या धर्मादाय प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून लागल्यापासून दर पावसाळ्यात ती मला एकाच रूपात दिसायची: जिना चढणारे पाणी, गेलेली वीज आणि नंतर खरवडून काढायचा चिखल. ज्यांना आरती करायची त्यांनी करावी, आपण आपले ऑक्सिजनचे सिलेंडर तपासावेत, असा माझा खाक्या होता.

पुराच्या तयारीचे काम माझ्याकडेच असे. दर आषाढात आम्ही सराव करायचो. पेशंट म्हणून स्ट्रेचरवर निजवलेला चौकीदार मधेच उठून चहा मागायचा, सगळे हसायचे आणि मी चिडायचे. पण त्या वर्षी सराव कामी आला. पाणी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागताच आम्ही सगळ्या बाळंतिणी, त्यांची बाळे, सिलेंडर, शिट्ट्या-बॅटऱ्यांची पेटीसुद्धा मोठ्या इस्पितळात हलवली आणि कंट्रोल रूमला कळवले की आमची इमारत रिकामी आहे. गल्लीतली बिऱ्हाडेही उठून गेली. दुसऱ्या सकाळी डॉक्टरबाई आणि मी, दोघीच, उरलेसुरले सामान वर चढवायला गेलो होतो.

तेवढ्यात मंगळागौरीच्या देवळाजवळ राहणाऱ्या एक काकू आपल्या सुनेला धरून पाण्यातून चालत आल्या. दिवस भरायला अजून बराच अवकाश होता, पण कळा सुरू झालेल्या. तिला परत तरी कुठे पाठवणार? वरच्या मजल्यावर खिडकीच्या उजेडात मुलगी झाली. एवढीशी. रडली, पण लगेच दर श्वासाला कण्हू लागली. अर्धवट भरलेला म्हणून मागे ठेवलेला एकुलता एक सिलेंडर डॉक्टरबाईंनी तिला लावला. मी खाली पाहिले तर पाणी पायऱ्या चढून दाराच्या उंबऱ्याशी आलेले आणि गल्लीत छातीएवढे. फोन लागत नव्हता. खिडकीतून हाका मारून माझा घसा बसला. येणार कोण? इथे कुणी नाही असे आम्हीच तर सांगितले होते. आमच्याच चोख तयारीने आम्हाला पुसून टाकले होते.

सिलेंडरचा काटा खाली येत होता. आणि खाली दारात काकू पिशवीतून खण-नारळ काढत होत्या. श्रावणातला मंगळवार होता, देवीला न्यायचे म्हणून त्यांनी ते सामान घेतलेले. दारात गंगा आली की तिची ओटी भरायची, ही आमच्याकडची रीत. घरी आलेल्या सवाष्णीला का कुणी तशीच पाठवते?

“काकू, पोरीचा श्वास अडकलाय आणि तुम्ही हे काय मांडलंय?” मी ओरडलेच.

त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, म्हणूनच तर. मैया स्वतः दारात आलीये, तिलाच सांगू दे ना मला. तू तेवढी घंटा वाजव. मी ओटी भरते.”

दाराशी गणपतीच्या कोनाड्यावर पितळेची मोठी घंटा टांगलेली होती. मला इतका संताप आला होता, काकूंचा, नदीचा, माझा स्वतःचा, की मी ती दोरी धरली आणि सगळा राग तिच्यावर काढला. काकूंनी म्हटलेली आरती संपली, ओटीचा नारळ त्यांनी पाण्यात सोडला, तरी माझा हात थांबेना. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

गल्लीच्या तोंडाशी मोटारबोट वळली तेव्हा मला आधी खरेच वाटले नाही. बचावपथकाचे दोघे जवान आणि वाट दाखवायला घेतलेला एक म्हातारा मल्लाह, घाटावरचा नावाडी. तो लांबूनच ओरडला, “अरे, ई गलिया त खाली बतावल गयल रहल! घंटा के बजावत हौ?” ते पलीकडच्या मोहल्ल्याकडे निघाले होते. रिकामी सांगितलेल्या गल्लीत घंटा कोण वाजवतंय, म्हणून त्याने बोट वळवायला लावली.

बाळाला छातीशी धरून मी बोटीत बसले, डॉक्टरबाईंनी सिलेंडर सांभाळला, काकूंनी सुनेचे डोके मांडीवर घेतले. गल्लीतून बाहेर पडलो आणि समोर ती पसरलेली दिसली. ना घाट, ना पायऱ्या, नुसती तीच. मघाचा नारळ आमच्या पुढे पुढे चालला होता. माझ्या हाताखाली ते इवले पोट वरखाली होत होते. मला भीती वाटायला हवी होती, पण मी हात जोडू लागले आणि लक्षात आले की हात मोकळे नाहीत. मग नुसते “मैया” म्हटले. कितीतरी वर्षांनी.

बोट रस्त्याला लागता लागता सिलेंडर संपला. समोर अँब्युलन्स उभी होती. मुलगी वाचली.

हा योगायोग म्हणा, माझी हरकत नाही. मला एवढेच कळते की त्या दिवशी माझ्यापाशी भक्ती नव्हती, होता तो राग, आणि मैयाने तोच पदरात घेतला. आता शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत आम्ही इमारत रिकामी असल्याचे कळवत नाही, शिट्टी प्रत्येकीच्या गळ्यात असते. सिलेंडर मी आजही आधी तपासते. मग पाणी वर आले की ओटी भरते. ती मुलगी आता हट्टाने माझ्या कडेवर बसून घंटा वाजवते. मीही वाजवून पाहते, अगदी मनापासून. पण तेवढ्या मोठ्याने ती पुन्हा कधी वाजली नाही.