बनुबाईंचा कापूस आणि घाण्या

माझी दादी जैनब जन्मभर कापूस बडवत आली, पण घाण्या किड्याला झाडू मारलेला तिला चालत नाही. कवठे महांकाळात आमचं गादीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथं ती कापसाच्या ढिगात बसून, डोळे अर्धे मिटून टाके घालते. भुवयांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू. लहानपणी मला वाटायचं, दादी ढगातून खाली उतरते आणि जेवण झालं की परत वर जाते.

मार्गशीर्ष लागला आणि बनुबाई आल्या. सोबत त्यांचे मालक लालासाहेब, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. टेम्पोतून एक जुनी गादी उतरवली. बनुबाई बोलताना आधी मान हलते, मग शब्द निघतात.

"भाबी, संयोगिता पोटात व्हती तवा म्हसवडला माज्या आईनं घरच्या रानातला कापूस भरून ही गादी दिली. पंचवीस वर्सं झोपले हिच्यावर. आता ह्योच कापूस पोरीच्या गादीत घालायचा. चिमूटभर बी बदलायचा न्हाई. मला कळंल, सांगून ठिवते!"

"कसं कळणार, मावशी?" माझे अब्बा नईम हळूच म्हणाले.

"नाकानं!"

लालासाहेबांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळात. "आवं, टायमिंग ऐका. रविवारी पोरीच्या लग्नाला विश्रामबागेत हॉल घेतलाय. शनिवारी चारला गाडी तुमच्या दारात. चार म्हंजे चार. एकदम ओके?"

"ओके," दादी म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द फुंकरीसारखा निघाला.

आठवडा दुसऱ्या गाद्यांत गेला आणि शुक्रवारी दादीनं बनुबाईंची गादी उसवली. पंचवीस वर्षांचा दाबलेला कापूस राखी ढेकळांसारखा बाहेर आला. हातानं मोकळा करून तिनं ढीग रचला. दिवस मावळला, ट्यूब लावली. दार उघडं राहिलं, आणि तिथंच चुकलं.

घरामागं तुरीची काढणी सुरू होती. त्या रानातले हिरवे, नखाएवढे, ढालीच्या आकाराचे किडे उजेडाकडं निघाले. पुस्तकात त्यांना काय म्हणतात ठाऊक नाही, आमच्या गल्लीत घाण्या. भर्र करत आले, ट्यूबवर आपटले आणि टपाटपा कापसात पडले. पडले ते आत शिरले. अब्बांनी झाडू उचलला आणि भिंतीवरचे तीन चिरडले. सडलेल्या कोथिंबिरीवर रॉकेल ओतावं तसला वास खोलीभर झाला. अब्बांनी नाक दाबून फवाऱ्याचा डबा शोधला.

"मार नक्को रे!" दादी ओरडली. रागावली की ती दखनीत जाते आणि निवली की मराठीत परत येते. "दवाईचा वास कापसाला लागला तर जाईल का? त्या पोरीनं संसारभर त्यावर झोपायचंय."

"मग मशीन लावतो. कापूस पिंजताना निघतील."

"मशीनला दात हायत, नईम. किडा चिरडंल आन् वास तंतूतंतूत जाईल."

"मग दुसरा कापूस भरू, अम्मी. त्या बाईला काय कळतंय?"

दादीनं त्यांच्याकडं पाहिलं. "मला कळंल की."

तिनं ट्यूब बंद केली. परसात एक बल्ब टांगला, त्याच्याखाली टबात साबणाचं पाणी. खोलीत काळोख झाला तशी कापसात हालचाल सुरू झाली. एकेक घाण्या उठला, दारातून बल्बकडं गेला, घसरला, पाण्यात बुडाला. डुबुक. थोड्या वेळानं डुबुक. वास नाही, आरडाओरडा नाही. अब्बा पहारेकऱ्यासारखे टबाशी बसले. मी उंबऱ्यावर. सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं शांत वाटत होतं.

पण आत खोल शिरलेले बाहेर येईनात. "थंडीचं दिस, ऊब कुणाला नगं?" दादी म्हणाली आणि ढिगाशेजारीच कलंडली.

पहाटे अंगणात चादर अंथरून आम्ही कापूस बाहेर काढला. गारठ्यानं किडे दगड झाले होते, पण ढेकळांच्या पोटात. बोटांनी किती उकलणार? दादी उठून आत गेली. भिंतीवर माझे आजोबा पीरमहंमद यांची पिंजायची कमान बारा वर्षं टांगलेली होती. माणसापेक्षा उंच, मधे ताणलेली तांत. ते पिंजायचे तेव्हा दादी समोर बसून नुसती ऐकायची. कमान बाप्यांची, अशीच रीत होती.

तिनं कमान उतरवली, तांत कापसात धरली आणि लाकडी ठोकळा मारला. भद्द.

"अम्मी, ऱ्हाऊ दे," अब्बा म्हणाले.

पुन्हा भद्द. दादीचं मनगट लाकडासारखं झालं होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी आधी मान हलवली, मग बनुबाईंच्या आवाजात म्हणाले, "मला कळंल, सांगून ठिवते!"

दादी खो खो हसली. हसता हसता हात सैल सुटला आणि तांत बोलली. तूंव. टंग. तूंव तूंव. कापूस उसळून धुक्यासारखा वर गेला. जड झालेले किडे पाय पोटाशी घेऊन वाटाण्यासारखे खाली गळले, एकही चिरडला नाही. मी कागदावर गोळा करत गेले. दादी डोळे मिटूनच ठोके देत होती. कोवळं ऊन त्या धुक्यात शिरलं आणि क्षणभर दादी दिसेनाशी झाली, नुसता आवाज राहिला.

दुपारी साडेतीनला शेवटचा टाका पडला. चारला टेम्पो.

बनुबाई आत आल्या. त्यांनी गादीला नाक लावलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगत गेल्या. दादीच्या बोटात सुई तशीच.

"जरा मधी बगते," म्हणत बनुबाई आडव्या झाल्या. कूस बदलली. गाल टेकला. आणि थोड्या वेळानं घोरायला लागल्या.

बाहेर हॉर्न वाजला. "आवं, टायमिंग!" म्हणत लालासाहेब दारात आले. दादीनं ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी आत पाहिलं.

"गादी दिल्यापासनं आठ दिस डोळा न्हाई लागला तिचा," ते कुजबुजले. मग हलकेच पायरीवर बसले. घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं.

गादीच्या काठावरून एक घाण्या बनुबाईंच्या हाताकडं निघाला होता. दादीनं त्याच्यापुढं कागद धरला, तो आपसूक वर चढला, आणि पावलांचा आवाज न करता ती त्याला परसात घेऊन गेली.