येवल्याचा बस्ता आणि सगळ्यांना एकच पोटली

येवल्याला जायचं ठरलं ते शैलाताईंच्या फोनमुळे. त्यांचं तिथं पैठणीचं दुकान आहे. "लग्नसराई आहे, दोन दिवस माझा ओटा वापरा. पिशव्या खपल्या तर कायमच्या दुकानात ठेवेन," त्या म्हणाल्या.

पिशव्या म्हणजे पैठणी ठेवायच्या, मलमलच्या. मी आणि आई नाशकात घरीच शिवतो. शिवण मला आईनंच शिकवलं, गिऱ्हाईकाशी बोलणंही. आजवर विक्री ओळखीपाळखीत होती. दुकानात जागा मिळाली तर हेच माझं पूर्णवेळ काम होणार होतं. त्या धास्तीनं निघेपर्यंत मी प्रत्येक शिवण ओढून पाहत होते.

तुम्हालाही जायचं असेल तर नाशकातल्या नवीन सीबीएस स्टँडवरून संभाजीनगरकडची सकाळची एसटी धरा. निफाडपर्यंत द्राक्षबागा, विंचूरच्या पुढे कांद्याची वावरं. कंडक्टरनं आमच्याकडे एकदाच पाहिलं. "बायका दोन? दोन अर्धी तिकिटं." पुढच्या सीटवरच्या आजीबाईंनाही तेच, कॉलेजच्या पोरींनाही तेच.

ओट्यावर मी पाटी लावली: 'तीन पिशव्यांवर एक पोटली मोफत.' साडीला कसर लागू नये म्हणून लवंगा भरून ठेवतात ना, ती पोटली. पण कुणाची फसगत नको म्हणून खाली बारीक अक्षरांत लिहिलं: नक्षीच्या पिशव्या सोडून, एकाच मापाच्या घेतल्यास, साठा असेपर्यंत. एका काकांनी चष्मा वर करून ती वाचली.

"ताई, हा भाडेकरार हाय का?"

आईनं तर पाटीकडे बघितलंच नाही. तिचं आपलं प्रत्येकीला "फक्त तुमच्यासाठी म्हणून" काहीतरी निराळं चाललं होतं.

दुपारी सायखेड्याहून जीप भरून एक कुटुंब बस्त्याला आलं. लग्नाचे कपडे घ्यायला अख्खं घर येतं, आणि घेतलेलं सगळं सगळ्यांसमोर उलगडलं जातं, हे आम्ही विसरलो होतो. आईनं त्यांच्यातल्या थोरल्या जावेला पोटली दिली, धाकटीला भाव कमी केला. चहा संपायच्या आत दोघी परत.

"मला पोटली का नाय? मी काय सावत्र हाय?"

"आन् हिला भाव कमी! थोरली मी का ही?"

त्यांच्या सासूबाईंनी सगळ्या पिशव्या ओट्यावर ठेवल्या. "बाई, बस्त्यात जावाजावांना सारखंच लागतं. तुमी पिशवीवरून भांडणं लावता व्हय?"

पैसे परत केले. शैलाताई आतून नुसत्या बघत होत्या.

संध्याकाळी स्टँडजवळच्या खानावळीत शेवभाजी-भाकरी खाल्ली. चव झणझणीत, बिल हलकं. आई धुसफुसत होती. "घासाघीस केल्याशिवाय बाईला वस्तू गोड लागत नाही."

"कंडक्टरशी केलीस का?"

ती हसली. "त्यानं तुझ्यासारख्या अटीपण नाही सांगितल्या."

दोघींची चूक ताटावरच निघाली. प्रत्येक पिशवीला पोटली परवडते का, त्याचा तिथंच हिशेब मांडला, जमत होतं, आणि पाटी पुसून लिहिलं: 'प्रत्येक पिशवीसोबत एक पोटली. सगळ्यांना.'

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतले हातमाग जरूर बघा. आधी विचारलंत तर विणकर प्रेमानं दाखवतात. आम्ही मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा आवाज ऐकतच ओट्यावर आलो. आज कुणाला काही समजावावं लागत नव्हतं. बायका पाटी वाचून एकमेकींना हाका मारत होत्या. मग एक बाई आल्या, पूर्ण बस्त्याच्या पिशव्या घेणाऱ्या.

"एवढ्या घेते. मला दोन-दोन पोटल्या द्या."

आईचा हात पोटल्यांच्या टोपलीकडे गेला. मग हात थांबला.

"देते की. पण मागं तुमच्या जाऊबाई उभ्या आहेत, त्यांना काय सांगू?"

आधी जाऊबाईच खळखळून हसल्या, मग बाईसुद्धा. पिशव्या सगळ्या गेल्या. शैलाताई बाहेर आल्या, मी काढून ठेवलेली पाटी त्यांनी परत खिळ्याला अडकवली. "ही इथंच राहू दे. पुढचा माल कधी पाठवताय?"

परतीच्या बसमध्ये आई खिडकीशी गाणं गुणगुणत होती. मी विनाकारण हसत होते.

घरी पोचतो तोच नाशिकरोडहून आत्याचा फोन. "वहिनी, मला चार पिशव्या हव्यात. घरच्या माणसाला काय जास्त देणार?"

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"चहा जास्त देईन, वन्सं. पोटली सगळ्यांना तेवढीच."