माळवदावरचे ऊन

डॉक्टर विश्वनाथरावांच्या दवाखान्यात मी नर्सची नोकरी मागायला गेले, तेव्हा माझे प्रमाणपत्र पाहण्याआधी त्यांनी मला दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगितले. गृहस्थ जरा चक्रम दिसतात, असे मनात म्हणत मी हात वर केले. "छान. आता बसा," ते म्हणाले. आमची पहिली ओळख ती एवढीच.

पुढे कळले, की पोट दुखते म्हणून आलेल्यालाही ते आधी हात वर करायला लावतात. सोलापूरच्या साखरपेठेतल्या विणकर घरांतून खांदा धरलेली माणसे इतकी येत, की डॉक्टरांना दुसरे काही सुचतच नसे. ताडमाड उंच असल्यामुळे मागाच्या खोल्यांच्या बुटक्या दारांतून ते वाकून शिरत. मान खाली घालण्याची त्यांना लागलेली सवय आज साठाव्या वर्षीही सुटलेली नाही.

त्यांच्या चिकाटीचे एकच उदाहरण सांगते. नरसव्वा ही तेलुगू विणकर घरची सून. दिवसभर मागच्या अंधाऱ्या खोलीत रहाटावर सुताच्या कांड्या भरायची. पाठोपाठची बाळंतपणे झालेली. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून अंबाडादेखील सासू बांधायची. बिब्बा झाला, शेक झाला, डाग देऊन झाले. शेवटी सासूने आमच्या देखत सांगून टाकले, "हात न्हाय चालला तर हिला माहेरी धाडतो. पोरं हितंच ऱ्हातील." नरसव्वाने तान्ह्याला घट्ट धरले, तेही डाव्या हाताने.

डॉक्टरांनी तिला जमिनीवरून आधाराशिवाय उठायला सांगितले, तिला उठवेना. नडगी दाबताच ती कळवळली. ते मला म्हणाले, "दुखणं नुसतं खांद्याचं नाही. हिच्या अंगाला ऊनच नाही. उन्हातून मिळणारं ड जीवनसत्त्व नसेल तर हाडं मऊ पडतात, स्नायूंत जोर राहत नाही. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा त्यानं सुधारतात की नाही, मला ठाऊक नाही. पण उपाशी खांद्याकडून व्यायाम तरी कसा करून घेणार?" त्यांनी माशाचे तेल दिले, दूध सांगितले आणि बजावले, "रोज ऊन खा."

महिन्याने सासू तणतणत आली. "डॉक्टरसाब, तुमी म्हणला ऊन खा, म्हणून ऊन-ऊनच घालतो की हिला! भाकरी ऊन, आमटी ऊन, पाणीबी ऊन. त्वांड भाजलं, हात काय वर जाईना!"

मला हसू आवरेना. डॉक्टर मात्र गंभीर झाले. "हसू नका, बाई. मी मराठीत बोललो आणि मोकळा झालो. चूक माझी आहे." त्याच संध्याकाळी ते एका विणकराकडून तेलुगू शिकायला बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नरसव्वाला हात जोडून सांगितले, "एंडलो कूर्चो, अम्मा." उन्हात बैस, आई.

पण खांदे उघडे टाकून बाईमाणसाने बसायचे कुठे? डॉक्टरांनी स्वतःच्या घराच्या माळवदाला चहूबाजूंनी गोणपाट बांधले आणि जिन्याची किल्ली माझ्या हाती दिली. घरच्या पापड-कुरडयांनाही ते माळवद बंद झाले! गावाने यथेच्छ टिंगल केली. "सोलापुरात उन्हाचं औषध! उद्या धूळ बाटलीत भरून देतील." डॉक्टरांनी ऐकले आणि घराच्या दुसऱ्या बाजूच्या माळवदावरही गोणपाट बांधायला घेतले.

डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम म्हणून माळवदावरच्या भिंतीवर नरसव्वा बोटे चढवायची आणि जिथे पोहोचतील तिथे कुंकवाचे बोट लावायची. कितीतरी दिवस ते कुंकू एकाच जागी गिरवले गेले. तिकडे सासूने तिला माहेरी धाडायला गाठोडे बांधले. डॉक्टर सासूच्या दारात जाऊन उभे राहिले. "उगादीपर्यंत थांबा."

"आन् तवरबी न्हाय झालं तर?"

"तर दसऱ्यापर्यंत थांबा. मी कुठे जात नाही."

सासू बडबडत आत गेली, पण गाठोडे सुटले. हळूहळू भिंतीवरचे कुंकू वर सरकू लागले. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या सकाळी नरसव्वा दवाखान्यात आली ती अंबाड्यात फूल माळून.

"अंबाडा वाकडा झालाय गं," मी म्हटले.

"वाकडा हाय, पन माझी मी बांदलाय की!"

डॉक्टर तपासणीच्या खोलीत निघून गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी रडले ते सर्वांसमोर रडले, मला त्याची लाज नाही. पुढे त्या माळवदावर जागा मिळेना इतक्या बाया येऊ लागल्या. सगळ्याच बऱ्या झाल्या असे मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणत नाहीत. बरी न झालेली बाई त्यांना रस्त्यात दिसली, की ते थांबून तिला हात वर करायला सांगतात.

आमच्या डॉक्टरांनी अजून पुष्कळ उन्हाळे पाहावेत आणि त्यांच्या स्वतःच्या सांध्यांनी त्यांना कधी दगा देऊ नये, हीच माझी प्रार्थना. डॉक्टरांच्या साठीनिमित्त होणाऱ्या सत्काराच्या दिवशी हार कोणी घालायचा, यावर सत्कार समितीत मोठमोठी नावे निघाली. अखेर नरसव्वाचे नाव ठरले. म्हणून डॉक्टरांना एकच नम्र विनंती आहे: त्या वेळी नेहमीप्रमाणे मान खाली घालू नये. तिचा हात पोहोचतो.