पुठ्ठ्यावर घेतलेलं पाऊल

माझी थोरली मुलगी तेरा महिन्यांची असताना भिंत धरून चालायला लागली. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा भिवपुरीला, पॉवरहाउसच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. यजमान तिथेच पाळीनं कामाला होते. दोन खोल्या, पुढे सिमेंटचा ओटा आणि ओट्याखाली सगळ्या आवारात पसरलेली खडी. मुलीला घरात चैन पडत नसे. मार्च संपता संपता एका दुपारी मी मागे कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात ती उंबरा ओलांडून ओट्यावर गेली आणि तापलेल्या सिमेंटवर उभी राहून किंचाळली. तिला मागे वळायला अजून येत नव्हतं. मी धावत जाऊन उचलेपर्यंत दोन्ही तळपायांना फोड आले होते.

फोड बरे झाल्यावर मी म्हटलं, "हिला बूट आणायला हवेत."

कोंडाणे लेण्यांजवळच्या आमच्या गावाहून सासूबाई महिनाभर राहायला आल्या होत्या. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "बुटं कशाला गं? मी पाच पोरं वाढवली, एकाच्या बी पायात काय घातलं नाय. चालली नाय का ती?"

"आई, तुमच्याकडे सारवलेलं अंगण होतं. इथे सिमेंट आहे."

"मंग दार लावून घे."

दार लावलं की ती दारावर थापा मारून रडायची, आणि ते रडणं सगळ्यात आधी सासूबाईंनाच सहन व्हायचं नाही.

यजमान दुसऱ्याच दिवशी पाळी संपवून परस्पर कर्जतला गेले आणि बूट घेऊन आले. काळे, चकचकीत, बाजूला बक्कल, लाकडासारखा कडक तळ. मापाला म्हणून त्यांनी काही नेलं नव्हतं. बूट तिच्या पावलापेक्षा दोन बोटं मोठे.

"वाढतं पाऊल आहे. वर्षभर पुन्हा बघायला नको," ते म्हणाले आणि पुढच्या जागेत त्यांनी कापूस कोंबला.

मुलीला बूट घालून उभं केलं. ती खाली बघत तशीच राहिली. एक पाय उचलला तर पाय वर आला आणि बूट जमिनीवरच राहिला. ती धपकन बसली आणि मग रांगत माझ्याकडे आली. पुढचे चार-पाच दिवस, बूट काढून ठेवले तरी, ती भिंतीला हात लावेना. सरळ रांगायची. चालू लागलेलं मूल पुन्हा रांगायला लागलं, आणि घरात त्याचं कुणाला काही वाटेना.

"सवय होईल," यजमान म्हणाले.

"सवय होईपर्यंत ती चालणं विसरेल," मी म्हटलं.

"विसरतं का कुणी चालणं?" असं म्हणून ते आंघोळीला गेले. मोठ्या माणसाला दोन बोटं मोठी वहाण दिली तर तो चार पावलं चालणार नाही, आणि या एवढ्याशा जिवानं त्यातच चालायला शिकायचं!

आठवड्यानं ती पुन्हा भिंत धरायला लागली. तेव्हा मीच तिला कडेवर घेऊन एसटीनं कर्जतला गेले. चपलांच्या मोठ्या दुकानात मालकांनी विचारलं, "किती नंबर?"

"नंबर माहीत नाही. पाय आणलाय, बघा."

त्यांनी काउंटरवरूनच हात लांब करून तिचं पाऊल चिमटीत धरलं आणि एक लाल सँडल चढवली. अंगठ्यानं पुढे दाबून म्हणाले, "अगदी बरोबर."

"खाली उभी करून बघते."

"खाली नको ताई. तळ मळला की माल परत घेता येत नाही."

"अहो, पण चालून बघितल्याशिवाय कळणार कसं?"

त्यांनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं. "हं, इथे उभी करा."

काउंटरवर, एवढ्या उंचावर, अनोळखी माणसासमोर कुठलं मूल चालेल? ती माझ्या गळ्याला मिठी मारून लोंबकळत राहिली. मागे गिऱ्हाईकं उभी होती, मालक घड्याळाकडे बघत होते. मी घाईघाईनं ती सँडल घेतली.

घरी येऊन जमिनीवर उभं केलं तेव्हा खरी गोष्ट कळली. दुकानात भीतीनं तिनं बोटं आखडून घेतली होती. ती मोकळी झाल्यावर अंगठा थेट पुढच्या कडेला टेकत होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा कर्जत. मालकांनी सँडल उलटी करून तळाला लागलेली धूळ मला दाखवली आणि परत माझ्या हातात दिली. घरी यजमान म्हणाले, "या वेळी तर तू स्वतः जाऊन आणलीस ना?" मी ताट वाढलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा काढला. मूल त्यावर उभं राहायला हवं होतं, बसून काढलेलं माप खोटं ठरत होतं. पेन्सिल लागली की तिला गुदगुल्या व्हायच्या आणि ती पाय ओढून घ्यायची. तीन वेळा रेघ वाकडी गेली. शेवटी सासूबाईच निवडण्याचं सूप बाजूला ठेवून आल्या आणि त्यांनी तिला बगलेत हात घालून धरलं. "उभी ऱ्हा गं माझी बाय, उभी ऱ्हा. ही तुजी आई काय ऐकायची नाय." मी दोन्ही पावलं काढली. डावं पाऊल उजव्यापेक्षा किंचित मोठं निघालं. हे इतक्या दिवसांत आम्हा कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या मोठ्या पावलाच्या पुढे थोडी जागा सोडून मी पुठ्ठा कापला.

बाजाराच्या दिवशी मुलीला आणि पुठ्ठ्याला घेऊन पुन्हा कर्जतला गेले. पहिल्या दुकानात पुठ्ठा बुटात शिरला, पण दोन्ही कडा दुमडल्या. लांबी होती, रुंदी नव्हती. दुसऱ्या दुकानात तेच. तिथला माणूस हसून म्हणाला, "ताई, बूट घ्यायला आलात की शिवणकाम करायला?" पोरांचे पाय इतके रुंद असतात हे बूट करणाऱ्यांनी कधी पाहिलंच नाही की काय, असं मला वाटायला लागलं. उन्हानं डोकं दुखत होतं, मुलगी भुकेनं किरकिरत होती. परत फिरावं असं मनात आलं.

बाजाराच्या टोकाला एक बाई गोणपाटावर प्लास्टिकच्या चपला आणि लहान मुलांचे कापडी बूट मांडून बसली होती. मी पुठ्ठा पुढे केला. तिनं काही विचारलं नाही. एकेक बूट उचलून तिनं स्वतःच पुठ्ठा आत घालून पाहिला आणि चौथ्या की पाचव्या जोडात तो सपाट बसला. हिरवा, भडक रंग, नाडीचा, तळाला मऊ रबर.

"चालवून बघू का?" मी भीत भीत विचारलं.

"मंग? घाल नि सोड खाली. तिला चालायचं हाय, मला नाय."

मी मुलीला धुळीत उभं केलं. तिनं खाली पाहिलं. मग शेजारच्या मिरच्यांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि माझा हात सोडून तिकडे निघाली. भिंत नाही, बोट नाही. सहा पावलं मी मोजली. सातव्याला तिनं दोन्ही हात मिरच्यांत खुपसले, आणि तिखट हात डोळ्यांना लागू नयेत म्हणून मी धावले. आनंद करायला वेळच मिळाला नाही. तिच्या हातांवर पाणी ओतून घेऊन एसटी गाठली.

यजमानांची पाळी संध्याकाळी सुटली. सासूबाई आणि ते दोघे समोर बसले, मी मुलीला हिरवे बूट घालून मधोमध उभं केलं आणि सांगितलं, "एकटी चालली आज. सहा पावलं."

ती उभी राहिली, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि बसून बुटाची नाडी चोखायला लागली.

"चालली असेल," यजमान म्हणाले. ते मला बरं वाटावं म्हणून बोलले होते, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. दोन दिवस ती कुणासमोर चालली नाही. तिसऱ्या दिवशी ते कामावर होते, सासूबाई शेजारी गेल्या होत्या. तेव्हा ती हिरव्या बुटांत ओटा ओलांडून खडीवरून थेट फाटकापर्यंत गेली. मी मागे होते. हाक मारावीशी वाटली नाही. नुसती चालत राहिले.