मांडवाखालची पिवळी कारली

"काका, राग नका मानू, पण हा कारल्याचा मांडव काढा," कृषी सहाय्यक म्हणाले. त्यांनी एक कारलं मोडून पुढे धरलं. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

बाजूला गजानन मान खाली घालून उभा होता. त्याचं वावर माझ्या धुऱ्याला, बांधाला लागून. त्यात काकडी नुकती लागली होती.

ही फळमाशी. मादी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. फळ वाकडं होतं, पिवळं पडतं, गळतं. मग अळी मातीत जाऊन कोष करते आणि माशी होऊन वर येते. फवारा फळातल्या अळीपर्यंत पोचत नाही. म्हणून टोचलेलं फळ रोज वेचायचं आणि खोल पुरायचं. माशी धरायला ट्रॅप लावतात, पण त्याच्या वासाला नुसते नर येतात. अंडी काही नर घालत नाही.

आमच्याकडे वेचणं इंदूचं काम होतं, माझ्या बायकोचं. मी पाणी, ट्रॅप, बाजार पाहायचो. ती सकाळीच टोपलं घेऊन मांडवाखाली वाकून फिरायची. हे कारलंही तिनंच लावलं. फळांचा तोडा सुरू झाला अन् ती गेली.

सुतकात घरच्यांनी वावरात जायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. तेरवी होईपर्यंत गजाननच्या घरच्यांनी माझा तोडा केला, तिवशाच्या बाजारात नेऊन घातला. कोणी सांगितलं नव्हतं.

"चांगला चांगला माल नेला काका," तो आता सांगत होता. "पिवळी तिथंच टाकली. म्हटलं, खत होईन."

"झालं ना खत. माश्यायचं."

"तुमी सांगतलं असतं तर..."

"बायको जाळून आलतो बाबू. पिवळं कारलं कोणाच्या ध्यानात राह्यते?"



मी सहाय्यक साहेबांना म्हणालो, "माशीसाठी गूळ अन् औषध शिंपडतो. ट्रॅप वाढवतो. वेल राहू द्या."

"मातीत कोष भरलेत काका. रोज माशी निघतेय. गजाननच्या काकडीला टोचणं सुरू झालंय."

"त्याच्या काकडीसाठी माहे वेल उपटू?"

साहेब खाली पाहू लागले. गजानन म्हणाला, "राहू द्या साहेब. जाऊ द्या काकडी. माह्याच्यानं काकूच्या वेलाले हात लावनं नाही होत."

"तुले कोण लावू देते? तू खड्डा खंद."

वेल मीच कापले. तारेला धरलेले तणावे ओढून सुटत नाहीत, एकेक तोडावे लागतात. सगळी फळं खड्ड्यात घालून माती दाबली. वावर वखरलं, म्हणजे कोष उघडे पडून उन्हानं मरतात. ट्रॅप दोघांच्या वावरात मिळून लावले. टोचलेली काकडी त्याच्या घरचे रोज वेचू लागले.

काकडी वाचली. अमरावतीला गेली. त्याची बायको टोपलंभर घेऊन माझ्या दारात आली. "काका, खा जा," म्हणाली. मी म्हटलं, ठेव. माणसं चांगली आहेत, म्हणून शिवीही देता येत नाही. नालायक असती तर बरं होतं.

भाजी लावणाऱ्यांनी एवढं करावं. कोणी मदतीला आलं तर त्याला तोडायला लावू नका, तोडणं सगळ्यांना येतं. सडकं वेचायला लावा. ते न सांगता करणारं माणूस एखाद्याच घरी असतं. माझ्या घरी होतं.