दारातली आडवी जागा
लोखंडाला मारायच्या लाल रंगाचा वास आला की मला चिकलठाण्याचं ते वर्कशॉप आठवतं. आम्ही तिथे छोटा ट्रेलर घ्यायला गेलो होतो. एरवी त्यातून बाबांच्या मंडपाच्या धंद्यातल्या खुर्च्या जाणार होत्या आणि सुट्टीत फिरायला गेल्यावर आम्ही त्यातच झोपणार होतो. आमच्या गाडीला ओढवेल असा एकच ट्रेलर होता आणि वर्कशॉपवाला म्हणाला, "यात चौघंच मावतील." आम्ही पाच जण होतो. "मी राहतो घरी," आजोबा लगेच म्हणाले. बाबा ट्रेलरची लांबी पुन्हा मोजू लागले. मग आजोबांनी चपला काढल्या, आत चढले आणि तापलेल्या पत्र्यावर अंग टाकलं. "आबा, उठा, लोक बघायलेत," बाबा पुटपुटले. मी लाजून माझ्या बुटांकडे बघत राहिले. "निजून बघितल्याबिगर मुक्काम ठरतो व्हय? या समदे," आजोबा म्हणाले. त्यांनी आईबाबांना, भावाला आणि मला ओळीनं झोपवलं आणि आमच्या पायांपाशी, दारालगत उरलेल्या पट्टीत स्वतः आडवे झाले. "मेंढरामागं हिंडताना असाच निजायचो. मेंढक्या दारातच निजतो, नाय तर लांडगा आत येतो." ज्यांना जालना रोड ओलांडताना मी हात धरून नेत असे, ते वर्षानुवर्षं उघड्या माळावर अंधार आणि आपली माणसं यांच्यामध्ये झोपले होते. ट्रेलर आम्ही तोच घेतला. आता आजोबांना आम्ही आत, मधोमध झोपवतो. दारात मी आडवी होते.